हार्लेमची वही आणि लाल कार्ड

डॉक्टरांनी विचारलं, "हिला सिकलसेल आहे का?"

मी म्हणाले, "नाही."

नात समोर खाटेवर होती. तिने ते ऐकलं. माझ्याकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटून घेतले. डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. ओठांना पापुद्रे आले होते. ती वरवर, बारीक श्वास घेत होती, कारण जरा मोठा श्वास घेतला की छातीत कोणी विळा फिरवल्यासारखं दुखायचं. आजी खोटं बोलते आहे असं ती म्हणू शकली असती. म्हणाली नाही. बारा वर्षं मीच तिला शिकवलं होतं की हे कोणाला सांगायचं नाही.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुन्हा विचारलं, "आजी, नीट आठवून सांगा. शाळेत तपासणी होते, कार्ड देतात. लाल नाहीतर पिवळं. हिला दिलं होतं का?"

"नाही दिलं."

"बरं. मग तपासून बघू. रिपोर्ट येईपर्यंत थांबावं लागेल." ते लिहून पुढच्या खाटेकडे गेले.

कार्ड घरी ज्वारीच्या कोठीत होतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, अगदी तळाशी. दरवर्षी नवी ज्वारी भरायच्या आधी मी ते काढायची, पुसायची आणि परत तळाशी घालायची. कार्ड लाल होतं.

हा आजार आमच्या आदिवासी घरांमध्ये पुष्कळ आहे. रक्तातले गोल कण विळ्यासारखे वाकडे होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे हाड फोडल्यासारखं दुखतं. आईकडून अर्धा आणि बापाकडून अर्धा आला की आजार पुरा होतो. अर्धा असेल त्याला पिवळं कार्ड, पुरा असेल त्याला लाल. नात सहावीत असताना शाळेत रक्त तपासलं आणि तिच्या हातात लाल कार्ड दिलं. ते मीच वाचलं. तिचे आईबाप तेव्हा ऊसतोडीला गुजरातमध्ये होते. दिवाळी झाली की जातात, उन्हाळा लागला की येतात. मुलाला फोन केला तर तो म्हणाला, "तूच बघ."

मी बघितलं. त्याच वर्षी आमच्या गल्लीतल्या एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. मुलाकडच्यांना तिच्या कार्डाचं कळलं, दुसऱ्या दिवशी निरोप आला. मुलगी चांगली होती, कामाला वाघ होती. मी विचार केला, कार्डच नसेल तर विचारणार काय? म्हणून ते कोठीत गेलं. गावातल्या उपकेंद्रातून गोळ्या घेतल्या तर सगळ्यांना कळेल, म्हणून मी शहाद्याला जाऊन आणायची आणि बाजाराच्या पिशवीत कांद्याखाली ठेवायची. नातीच्या अंगात कळा आल्या की मी शेजारी सांगायची, पाय मुरगळला. एका वर्षात तिचा पाय सहा वेळा मुरगळला. शेजारीण म्हणाली, "तुझ्या नातीला सरळ चालायला शिकव गं." मी हसले. तीही हसली.

आता हार्लेमचं सांगते. त्याशिवाय पुढचं समजणार नाही.

नात इंग्रजी घेऊन एम.ए.ला गेली. आमच्या घरात इंग्रजी शिकणारी ती पहिली. मी चौथी पास, तीही आश्रमशाळेत. तिथे घरची बोली तोंडातून निघाली की छडी बसायची. त्यामुळे मराठी मला चांगली येते. शेवटच्या वर्षाला तिला एक प्रकल्प करायचा होता. एक दिवस मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होते, तर ती वही घेऊन येऊन बसली.

"आजी, मी हार्लेम घेतलं."

"कुठे घेतलं? माणूस आहे की गाव?"

"वस्ती आहे. अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या काळ्या लोकांनी कविता लिहिल्या, कादंबऱ्या लिहिल्या, चित्रं काढली, गाणी केली. सगळं एकदम फुललं."

"एकदम कसं फुललं? आधी काय करत होते?"

"आधी गुलाम होते. मग दक्षिणेला दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायचे. तिथे छळ फार होता. मारून झाडाला टांगायचे. म्हणून आगगाडीत बसून उत्तरेच्या शहरांत गेले, घरंच्या घरं."

"कामाला गेले."

"हो. कामालाच."

"मग कामाला तर आपणही जातो. ट्रकमध्ये बसून जातो. आपल्यावर कोणी पुस्तक लिहिलं का?"

"त्यांच्यावरही दुसऱ्यांनी येऊन नाही लिहिलं, आजी. त्यांनी स्वतःच लिहिलं."

मी शेंगा सोलत राहिले.

तेव्हापासून तिने एक रीत लावली. जे इंग्रजीत वाचायची ते मराठीत करून वहीत लिहायची आणि दिवे लागायच्या वेळेला मला वाचून दाखवायची. म्हणायची, "तुला समजलं तर सगळ्यांना समजेल."

"म्हणजे मी सगळ्यांत मठ्ठ."

"हो," म्हणायची. तोंडाने तिखट होती. अजून आहे.

फोनवर तिने मला त्या लोकांचे फोटो दाखवले. कोट घातलेले बापे, डोक्याला घट्ट टोप्या घातलेल्या बाया, चकचकीत पितळी बाजा घेऊन उभे असलेले वाजंत्री. मला वाटलं होतं फाटके लोक असतील. हे तर आमच्या आमदाराच्या पोराच्या लग्नात नसतील इतके नटलेले. एका चित्रात माणसं नुसत्या सावल्यांसारखी होती, काळी, सपाट, आणि त्यांच्या मागे उजेडाची गोल गोल कडी. नाकडोळे काही नाहीत. तरी कोण दमलंय आणि कोण नाही ते खांद्यावरून कळत होतं. ते चित्र मी दोनदा मागून बघितलं.

एका बाईचा फोटो होता. टोपी तिरकी, हसणं मोठं. मी विचारलं, ही काय करायची?

"गोष्टी लिहायची. तिच्या गावात बाया ओट्यावर बसून जशा बोलतात तशाच बोलीत लिहायची. तिथल्या शिकलेल्या काही लोकांना ते आवडलं नाही. ते म्हणाले, गोरे लोक हसतील आपल्याला. नीट भाषेत लिही."

"मग?"

"तिने ऐकलं नाही. लिहीत राहिली. म्हातारपणी दुसऱ्याच्या घरी मोलकरणीचं काम करावं लागलं तिला. मेली तेव्हा थडग्यावर नावाचा दगडसुद्धा नव्हता."

"म्हणजे लिहून काही भलं झालं नाही."

"पुस्तकं राहिली ना, आजी."

"पुस्तकं राहिली. ती नाही राहिली."

नात रागावली आणि वही मिटून आत गेली. मला वाटतं तेच मी बोलते. पण त्या बाईचं मनातून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटवताना मीच विचारलं, तिला मूलबाळ होतं का? नात म्हणाली, नव्हतं. मग वही परत बाहेर आली.

तिने सांगितलं की तिथे एक मोठा नाचगाण्याचा क्लब होता. बाजा वाजवणारे काळे, नाचणाऱ्या काळ्या, आणि खुर्चीवर बसून बघणारे गोरे. काळ्या माणसाला तिकीट काढून आत बसता येत नव्हतं. मी म्हणाले, "हे मला माहीत आहे." मी तरुण असताना एका मंत्र्याच्या कार्यक्रमाला आमच्या गावातल्या वीस बायांना नाचायला नेलं होतं. चांदी घालून, कंबरेला हात धरून, सकाळपासून उन्हात उभं केलं. मंत्री दुपारी आले. आम्ही नाचलो, फोटो निघाले. मग जेवण मंडपाच्या मागे, सगळ्यांचं झाल्यावर. बुंदी संपलेली होती.

नातीने तेही वहीत लिहून घेतलं. मी म्हणाले, "बुंदीचं कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "तेच तर लिहायचं असतं."

खरी अडचण गाण्यांची आली. हार्लेमच्या कवींनी म्हणे कापसाच्या शेतातली, रुळांवर काम करणाऱ्यांची जुनी गाणी घेतली आणि त्यांच्या चालीवर कविता केल्या. एक जण ओळ म्हणतो, बाकीचे उत्तर देतात. नातीला ही रीत कॉलेजात समजावून सांगायची होती, म्हणून तिने तशा धर्तीवर स्वतः मराठीत ओळी बांधल्या. मला वाचून दाखवल्या. पहिल्याच ओळीत "श्रांत हात" होते.

"श्रांत म्हणजे काय?"

"दमलेले."

"मग दमलेले लिही."

"सर म्हणतात, प्रमाण भाषा पाहिजे. वाङ्मयीन पाहिजे."

"तुझ्या सरांनी कधी मोळी उचलली आहे का? दमलेला माणूस श्रांत म्हणेपर्यंत मोळी खाली पडेल."

ती हसायला लागली. मला मात्र हसू आलं नाही, कारण ती रीत मला येत होती आणि तिला येत नव्हती. तीस वर्षं मी ऊसतोडीत ओळ टाकणारी बाई होते. आधी गुजरातमध्ये, नंतर इथे जवळच, पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याच्या आजूबाजूच्या फडांमध्ये. हे काम कसं असतं ते लिहिते. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं. एक बाई ओळ टाकते. ती बोलते तेवढ्या वेळात बाकीच्या बायांनी पोटापर्यंत श्वास भरून घ्यायचा. मग सगळ्यांनी एकदम उत्तर द्यायचं आणि त्याच झटक्याला मोळी वर. श्वास न भरता ओळ उचलली की मान आखडते. ओळ टाकणारीने सगळ्यांकडे बघत राहायचं असतं. जी दमली असेल, जी पोटुशी असेल, तिच्यासाठी ओळ लांबवायची, म्हणजे तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो. ओळी जागच्या जागी जुळवायच्या. बहुतेक मुकादमावर असायच्या.

"मुकादम बसला कुठं गं?"

"बांधावर, बांधावर!"

"भाकर खातो कुणाची गं?"

"आपली गं, आपली!"

मुकादमाला कळायचं. पण ट्रक भरतोय म्हटल्यावर तो काय बोलणार?

हे मी नातीला अंगणात उभं करून शिकवलं. डोक्यावर तुराट्यांचा भारा दिला. पहिल्यांदा तिने माझ्या बोलण्याबरोबरच तोंड उघडलं. मी म्हणाले, "तू ऐकत नाहीस, वाचतेस. मी बोलते तेव्हा तू फक्त श्वास घे." चार-पाच दिवसांनी तिला जमलं. फोनमध्ये तिने सगळा आवाज भरून घेतला. वहीतल्या ओळी तिने बदलल्या. श्रांत गेलं, दमलेले आले. त्या ओळी अशा झाल्या:

"या दमलेल्या हातांना, दिवसभर राबलेल्या हातांना, विचारतं कोण?"

"कोणी नाही गं, कोणी नाही."

ती म्हणाली, "हार्लेममध्ये हेच झालं, आजी. शेतातली ओळ शहरात आली आणि पुस्तकात गेली." मी म्हणाले, "इथे पुस्तकातली अंगणात आली." तिला ते फार आवडलं. मला त्यात विशेष काही वाटलं नाही.

जानेवारीत तिला कॉलेजात सगळ्यांपुढे हे सादर करायचं होतं. थंडी कडाक्याची होती. पहाटेच्या जीपने गेली, मागच्या उघड्या बाजूला बसून. दिवसभर पाणी प्यायली नाही, कारण जीप वाटेत थांबत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी मुलीच्या जातीने जायचं कुठे? हे आम्हा सगळ्या बायांचं आहे. मी फडात असताना दिवसाला तांब्याभर पाण्यावर काढायची. पण माझ्या अंगात लाल कार्ड नव्हतं. या आजारात पाणी कमी पडलं आणि थंडी लागली की रक्त घट्ट होऊन अडकतं. हे मला शहाद्याच्या दवाखान्यात दर वेळी सांगायचे. तिला मी फक्त "स्वेटर घाल" एवढं म्हणाले.

ती संध्याकाळी आली ती खुशीत. म्हणाली, सगळा वर्ग ओळ उचलत होता, सरसुद्धा. "पण सरांना श्वास घेता येत नाही," म्हणाली. रात्री पाय दुखायला लागले. सकाळी छाती. आईबाप ऊसतोडीला गेलेले होते, म्हणून मीच तिला जीपमध्ये घातलं आणि नंदुरबारला आणलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं आणि मी नाही म्हणाले.

का म्हणाले ते विचार करून सांगते. विचार करून मी म्हणालेच नव्हते. बारा वर्षं तोंडाला जी सवय होती ती बोलली. दाराशी आलेल्या सोयऱ्याला जे सांगायची तेच डॉक्टरला सांगितलं. शिवाय खोलीत आमच्या बाजूच्या गावांतली माणसं होती. एक बाई कळसाडीची होती, आमच्या भावकीला ओळखणारी. नात मरते आहे आणि मी तिच्या लग्नाचं बघत होते.

शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक मुलगी होती, तेरा-चौदा वर्षांची, डोंगरातली. तिची आई खाली फरशीवर बसली होती. आमची बोली वेगळी, त्यांची पावरी वेगळी, पण अर्धं समजतं. डॉक्टर त्यांच्याकडे गेले आणि काही विचारायच्या आधीच त्या बाईने मुलीच्या गळ्यातला काळा दोरा ओढून वर काढला. दोऱ्याला प्लास्टिकचं पाकीट, पाकिटात लाल कार्ड. चार माणसांत, उजळ तोंडाने. त्या बाईला वाचता येत नव्हतं. तिला एवढंच माहीत होतं की डॉक्टर दिसला की हे दाखवायचं. डॉक्टरांनी कार्ड बघितलं आणि लगेच दोन बाटल्या लावायला सांगितल्या.

मी बसून राहिले. भिंतीवरचं ऊन खाटेच्या पायापर्यंत सरकलं एवढं आठवतं. मग उठले आणि डॉक्टरांकडे गेले.

"मी खोटं बोलले. लाल कार्ड आहे."

"कुठे आहे?"

"घरी. ज्वारीच्या कोठीत."

"ज्वारीच्या कोठीत?"

फरशी पुसणारी मावशी तिथेच होती, नंदुरबारची, अहिराणी बोलणारी. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "ओ माय! लोक सोनं दपाडतस तसं कार्ड दपाडी ठेवं का तू?" सगळ्या खोलीने ऐकलं. कळसाडीच्या बाईनेही ऐकलं.

डॉक्टर म्हणाले, "आजी, सकाळीच सांगितलं असतं तर..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. करायला हवं होतं.

मग बाटल्या लागल्या, ऑक्सिजनची नळी लागली, रक्त मागवलं. दुपारनंतर रक्त आलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं. छातीत अडकलं आहे. दुखतं म्हणून ही वरवर श्वास घेते, आणि वरवर घेते म्हणून छाती आणखी भरत जाते. औषधं आम्ही देतो, पण खोल श्वास हिलाच घ्यावा लागेल. सिस्टरने एक प्लास्टिकचं खेळणं आणलं. तीन नळकांडी, तीन रंगीत चेंडू. नळीतून श्वास आत ओढला की चेंडू वर जातात. तासातासाला दहा वेळा करायचं. असंच खेळणं शेजारच्या मुलीलाही दिलं.

नातीने नळी तोंडात धरली. पहिला चेंडू जागचा हलला नाही. तिने डोकं फिरवलं.

"ओढ गं," मी म्हणाले.

"दुखतंय."

"माहीत आहे. ओढ."

तिने डोळे मिटून घेतले. मी बसले होते स्टुलावर. दुसरं काही येत नव्हतं म्हणून मी ओळ टाकली, हळू आवाजात. मुकादमाची. तिने ऐकल्याचं दाखवलं नाही. पुन्हा टाकली. ओठ हलले, आवाज नाही. मग मी तिच्या वहीतली ओळ घेतली, आणि मुद्दाम तिची जुनी, सरांना आवडणारी घेतली.

"या श्रांत हातांना विचारतं कोण?"

तिने एक डोळा उघडला. "दमलेल्या," म्हणाली.

"हां. मग उचल. मी बोलते तेव्हा बोलायचं नाही, श्वास भरायचा. नळी तोंडात धर."

मी ओळ लांबवली. फडात पोटुशी बाईसाठी लांबवायची त्याच्यापेक्षाही लांबवली. या दमलेल्या हातांना, दिवसभर राबलेल्या हातांना, सकाळपासून उपाशी हातांना, थंडीत जीपने गेलेल्या हातांना. पहिला चेंडू अर्ध्यापर्यंत गेला आणि पडला. नळी काढून ती म्हणाली, "कोणी नाही." दुखून रडली. आम्ही पुन्हा केलं.

पाचव्या-सहाव्या वेळेला शेजारून उत्तर आलं. ती डोंगरातली मुलगी. तिला मराठी शाळेपुरती येत होती, पण ओळ उचलायला भाषा फार लागत नाही. तिच्या आईने तिच्या तोंडात नळी धरली आणि स्वतःही उत्तर द्यायला लागली, पावरीत. मावशी धावत आली. "माय, हाऊ दवाखाना शे, लगीननं घर नही!"

सिस्टर नातीच्या खाटेपाशीच उभी होती. ती म्हणाली, "ऱ्हाऊ दे व मावशी. चेंडू वर जास, देख."

असे तीन दिवस. तासातासाला मी ओळ टाकायची आणि त्या तिघी उचलायच्या. माझा आवाज बसला. मुकादमाच्या ओळी संपल्या तेव्हा डॉक्टरांवर केल्या, मावशीवर केल्या, खिचडीवर केल्या. डोंगरातल्या मुलीला खिचडीची ओळ आवडली होती. ती हसली की तिला खोकला यायचा, म्हणून तिची आई मला हाताने थांबवायची. तिसऱ्या दिवशी नातीचे दोन चेंडू वर जायला लागले. तिने मला विचारलं, "आजी, मी बरी झाले तर कार्डाचं काय करायचं?" मी म्हणाले, "कोठीतून काढते." तिने मान हलवली आणि झोपली. तिने मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शेजारच्या मुलीला झटका आला. डॉक्टर, सिस्टर, सगळे धावले. त्यांनी करायचं ते सगळं केलं. तिचं कार्ड पहिल्या मिनिटाला पुढे आलं होतं, तिची आई काही लपवून बसली नव्हती, तरी ती गेली. मी सकाळभर खोटं बोलून बसले होते आणि माझी नात दोन चेंडू वर नेत होती. यात न्याय शोधू नका. मी शोधला, मिळाला नाही.

तिच्या आईने मुलीच्या गळ्यातला दोरा सोडला. पाकीट हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिच्या बोलीत विचारलं, हे परत द्यायचं असतं का? मला माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं. तिने ते कंबरेला खोचलं. त्या दिवशी मी ओळ टाकली नाही. संध्याकाळी नात स्वतःच नळी घेऊन बसली, आवाज न करता.

अकराव्या दिवशी आम्ही घरी आलो. मी कोठी उपसली. कार्डाला भोक पाडून दोरा ओवला. नात गळ्यात घालत नाही, पर्समध्ये ठेवते, पण ठेवते. गोळ्या गावातल्या उपकेंद्रातून येतात. शेजारीण पाय मुरगळण्याचं आता काढत नाही. मार्चमध्ये एक स्थळ आलं. मी चहाच्या आधी कार्ड पुढे ठेवलं. त्यांनी चहा घेतला आणि गेले. परत निरोप आला नाही.

प्रकल्प तिने दिला. वही आता माझ्याकडे आहे. मी ती चष्मा लावून हळूहळू वाचते, एका दिवसाला एक पान. हार्लेमच्या त्या टोपीवाल्या बाईचं पान आलं की थांबते. तिच्याखाली नातीने मंत्र्याच्या कार्यक्रमातल्या बुंदीचं लिहिलं आहे, आणि त्याच्याखाली दवाखान्यातलं. डोंगरातल्या मुलीचं नाव तिला माहीत होतं, तिने लिहिलं आहे. मी इथे लिहीत नाही, तिच्या आईला विचारलेलं नाही.

त्या खोलीत ओळ टाकणारी आणि उचलणाऱ्या मिळून आम्ही चौघी होतो. नात जगली. डोंगरातल्या मुलीची आई जगली. मी जगले.